पूजेत बसवलेली पुस्तकं

"हे ठेवायचं," अण्णा म्हणाले.

मी पुस्तक हातात घेऊन बघितलं. नववीचा भूगोल. कव्हर गेलेलं, पहिली काही पानं वाळवीनं खाल्लेली. अण्णा शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तो अभ्यासक्रम त्याच्याही आधी बदलला होता.

"अण्णा, ह्यात सोव्हिएत रशिया अजून शाबूत आहे."

"असू दे. होता ना."

"आता नाही ना पण."

"म्हणून तर ठेवायचं. दुसरीकडं कुठं बघायला मिळणार तो?"

मी मुकाट्यानं भूगोल ठेवायच्या ढिगावर ठेवला. सकाळपासून आमचे दोन ढीग चालले होते. ठेवायचा ढीग खिडकीला जाऊन टेकला होता. द्यायच्या ढिगात दोनच पुस्तकं होती, आणि त्यातलं एक अण्णांनी मी चहा टाकायला गेले तेवढ्यात परत काढून घेतलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही असं त्यांना वाटत होतं.

नवरात्र चालू होतं. मी नऊ दिवस उपास धरते, तेही दूध आणि फळांवर, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं असतं. घरी घट बसलेले. सकाळी माळ चढवायची, अखंड दिव्यात तेल घालायचं, आणि मग कराडच्या ह्या टोकाच्या सासरहून त्या टोकाच्या माहेरी यायचं. शिक्षक कॉलनीत अण्णांनी नोकरीत असताना बांधलेलं घर होतं. यायचं कशाला, तर खालची खोली रिकामी करायला.

आई दवाखान्यात होती. अंगणात धुणं वाळत घालताना पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, नवमीला घरी सोडतो, पण तीन महिने जिना चढायचा नाही. आमच्याकडं झोपायच्या खोल्या वर. खाली स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि मागच्या बाजूला बाथरूमला लागून ही एक खोली. आजी शेवटी तिथंच होती. नंतर अण्णांची मोठी बहीण आक्का, तीही. आक्का गेल्यावर कॉट उचलली आणि अण्णांनी तिथं पुस्तकं टाकायला सुरुवात केली. शाळेतून बाद झालेली, कुणी भेट दिलेली, कुणाच्या घरून रद्दीत निघालेली, सगळी तिथं. आता दार अर्धंच उघडत होतं.

माझा धाकटा भाऊ शिरीष पुण्याला असतो. त्याचा रोज फोन. "ताई, नवमीला मी गाडी घेऊन येतोय. खोली तयार असेल तर आईला घरी सोडू. नाहीतर सरळ इकडं घेऊन येतो. आमच्या सोसायटीजवळ एक केंद्र आहे, चोवीस तास नर्स असते. मी जागा धरून ठेवलीय."

केंद्र. त्याच्या घरी नव्हे, केंद्रात. माझी आई माहेरपणालासुद्धा कधी चार दिवसांच्या वर राहिली नाही. तिला दुसऱ्याच्या हातचा चहा गोड लागत नाही. ती अनोळखी बायकांच्या रांगेत तीन महिने पडून राहणार? सगळं एका खोलीवर अडलं होतं, आणि खोली अण्णांवर अडली होती.

"ह्या व्याकरणाच्या दोन प्रती आहेत," मी म्हटलं. "एक देऊ?"

"कुणी मागितलं तर?"

"कोण मागतंय अण्णा?"

"मागितलं तर म्हटलं."

"बरं. ही टेलिफोन डिरेक्टरी तरी टाकू? ह्यातले नंबर एकसुद्धा लागायचे नाहीत आता."

अण्णांनी डिरेक्टरी माझ्या हातातून घेतली, चष्मा वर केला आणि जणू गीता असावी तशी मधलं पान उघडून वाचायला लागले. "नंबर चुकले असतील. नावं बरोबर आहेत," म्हणाले. "ठेव."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरं म्हणजे अण्णा असे कधीच नव्हते. वर्गातल्या पोरांना पुस्तकं द्यायचे आणि परत मागायचे विसरून जायचे. आई ओरडायची, तर म्हणायचे, वाचली असतील तर वसूल झाली. तोच माणूस आता वाळवीचा भूगोल छातीशी धरून बसला होता. म्हातारपण, दुसरं काय, असं मी मनाला समजावलं.

"मग असं करू," मी म्हटलं. "टाकायचं काहीच नको. सगळी उचलून वरच्या खोलीत रचू."

"वरचा स्लॅब एवढं वजन घेणार नाही."

"बैठकीत रचू."

"आणि मी कुठं बसू?"

"तीन महिने वऱ्हांड्यात बसा. आईसाठी एवढं करणार नाही?"

त्यांनी पुढचं पुस्तक उचललं. सायकल दुरुस्तीचं होतं. आमच्याकडं सायकल नव्हती. "हे ठेवायचं," ते म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी हात टेकले आणि लोखंड्यांना फोन केला. लोखंडे म्हणजे अण्णांचे जुने विद्यार्थी. जवळच्या एका गावात वाचनालय चालवायचे आणि कुणी पुस्तकं देतं म्हटलं की टेम्पो घेऊन हजर व्हायचे. ते म्हणाले, "ताई, परवा सकाळी येतो. सरांची पुस्तकं म्हणजे आमचं भाग्यच."

मी अण्णांपुढं जाऊन उभी राहिले. "परवा लोखंडे येतायत. तुम्ही उद्या दिवसभर बसून निवडा, नाहीतर नका निवडू. परवा सगळं जाणार. खोली धुवून घ्यायचीय, कॉट आणायचीय, बाथरूमला दांडी बसवायचीय. मला आता ह्यावर एक शब्द ऐकायचा नाही."

अण्णांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाले, "परवा म्हणजे सप्तमी ना?"

मी चमकलेच. माझ्या वडिलांना तिथी माहीत असणं ही आमच्या घरातली बातमी होती. ह्या माणसानं जन्मात देवापुढं उदबत्ती लावलेली नाही. शाळेत सरस्वतीपूजनाला सगळा स्टाफ हात जोडून उभा असायचा, तेव्हा हे स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसायचे. माझ्या लग्नात भटजींना दर मंत्राचा अर्थ विचारून त्यांनी घाम फोडला होता. माझ्या उपासावर तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "उज्जू, देवीला तुझ्या ॲसिडिटीत काही रस नाही." आई बिचारी एकटीच देवघर सांभाळायची. एकदा तरी शेजारी उभं राहून आरती म्हणा, एवढंच तिचं मागणं असायचं, आणि तेही कधी पुरं झालं नव्हतं.

"सप्तमीच," मी म्हटलं. "का?"

"काही नाही. विचारलं."

दुसऱ्या दिवशी मला घरून निघता आलं नाही, पाहुणे आले होते. सप्तमीला सकाळी लोखंड्यांचा टेम्पो आणि माझी रिक्षा एकदमच दारात पोचली. लोखंड्यांनी दोन हमाल आणले होते. मी पुढं झाले, मागच्या खोलीचं दार ढकललं आणि तिथंच उभी राहिले.

खोलीत उदबत्तीचा धूर भरला होता. मधोमध पाट, पाटावर आईचं तांब्याचं ताम्हन, त्यात समई. समईत दोन वाती लागलेल्या. पाटाभोवती रांगोळी म्हणून खडूनं काढलेली एक नदी होती, म्हणजे जन्मभर भूगोल शिकवून अण्णांच्या हाताला जे वळण होतं तेच आलं होतं. आणि पुस्तकं. एकूण एक ढिगाला हळदकुंकू लावलेलं, प्रत्येक ढिगावर कुंपणावरच्या जास्वंदीचं फूल. नववीच्या भूगोलाला, व्याकरणाच्या दोन्ही प्रतींना, सायकल दुरुस्तीला. डिरेक्टरीवर कुंकवाचा मळवट भरला होता.

अण्णा धोतर नेसून पाटाशेजारी बसले होते. मांडी नीट घालता येत नव्हती म्हणून एक पाय लांब केलेला.

"अण्णा, हे काय आहे?"

"सरस्वती," ते म्हणाले. "पंचांगात आहे. मूळ नक्षत्रावर आवाहन, श्रवणावर विसर्जन. श्रवण दसऱ्याला आहे. तोपर्यंत पूजेतलं पुस्तक वाचायचं नाही, हलवायचं नाही. तुला माहीत असेलच."

मला माहीत होतंच. माझ्या सासरी करतात. पण दोन-चार पुस्तकं पाटावर ठेवायची असतात, आख्खी खोली पुजायची नसते. पाटाभोवती नदी काढायची नसते. मला हसावं की रडावं कळेना. आणि हा माणूस काय खेळतोय ते मला स्वच्छ दिसत होतं. ते काहीही करायला मोकळे होते, पण मी देवीचे उपास करणारी, मी पूजा मोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझीच श्रद्धा त्यांनी माझ्यापुढं आडवी घातली होती.

"लोखंडे," मी मागं वळून म्हटलं, "हे सगळं नाटक आहे. तुम्ही उचला."

लोखंड्यांनी कधीच चपला काढल्या होत्या. हमालांनीसुद्धा. तिघं उंबऱ्याशी हात जोडून उभे होते. "ताई, पूजेतलं कसं उचलायचं?" लोखंडे म्हणाले. "आणि सरांनी पूजा केलीय. सरांनी. आम्ही दसऱ्यानंतर येतो." मग थोडं थांबून म्हणाले, "प्रसाद आहे का काही?"

अण्णांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढून तिघांच्या हातावर ठेवली. तीसुद्धा तयारी केली होती.

टेम्पो रिकामा गेला. मी वऱ्हांड्यात बसून शिरीषला फोन लावला. तो आधी हसला आणि मग चिडला. "ताई, मला सुट्टी एकच दिवस मिळालीय. नवमीला खोली नाही म्हणजे नाही. मी केंद्रात कळवतो, आईला थेट नेतोय. अण्णांना म्हणावं, बसा पुस्तकांची पूजा करत."

अष्टमीला मी परत गेले. वाटलं, एका दिवसात काही उजाडलं असेल. अण्णा त्या खोलीत वात पुढं सारत बसले होते. माझा संयम सुटला. जे कधी बोलले नव्हते ते सगळं मी बोलले. म्हटलं, "आईनं ह्या घरात जन्म घालवला. तुमच्या आईचं केलं, तुमच्या बहिणीचं केलं. आता तिला पडायला एक खोली लागतेय, तर तुम्हाला तुमची रद्दी सोडवत नाही. उद्या शिरीष तिला केंद्रात टाकणार आहे. तुम्ही इथं डिरेक्टरी पुजा. आई आणि ही रद्दी, ह्यात तुम्ही रद्दी निवडलीत अण्णा."

त्यांचा चेहरा उतरला. वात त्यांनी नीट केली. "उद्या दवाखान्यात जाशील," ते म्हणाले, "तेव्हा तिला सांग."

"काय सांगू?"

"हेच. खोली रिकामी झाली नाही म्हणून."

"तुम्हीच या आणि सांगा."

"मी आलो तर शिरीष मला विचारेल, आणि मला खोटं बोलता येत नाही. तू सांग. तो गाडीत बसवायच्या आधी सांग."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की ह्या बोलण्यात काही आहे हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. घरी जाऊन देवीपुढं बसून रडले.

नवमीला मी दवाखान्यात पोचले तेव्हा शिरीष खाली कागदपत्रांच्या खिडकीशी उभा होता. आई पलंगावर उशीला टेकून बसलेली. नर्सनं वेणी घालून दिली होती. मला बघितल्या बघितल्या तिनं माझं मनगट धरलं.

"उज्जू, खोली झाली रिकामी?"

मी ठरवलं होतं की तिला त्रास होईल असं काही बोलायचं नाही. पण तिनं विचारलं आणि माझं तोंड सुटलं. "कसली रिकामी. तुझ्या नवऱ्यानं माझा जीव मेटाकुटीला आणलाय. एक पुस्तक सोडत नाहीत. मी टेम्पो बोलावला, तर ह्यांनी सगळ्या खोलीची पूजा मांडली. सरस्वती बसवलीय. हळदकुंकू, समई, सगळं. दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही म्हणतात."

आईचा माझ्या मनगटावरचा हात सैल पडला. "पूजा?" ती म्हणाली. "ह्यांनी केली?"

"हो. धोतर नेसून."

"धोतर नेसले?"

"नेसले. आणि खडीसाखर वाटली."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. बघितलं तर हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "बाई गं," ती म्हणाली. "एवढं केलं त्यांनी. मी नुसतं म्हटलं होतं, काहीतरी करा."

"काय म्हटलं होतंस? कुणाला?"

तिनं दाराकडं बघितलं, शिरीष नाही असं बघून माझ्या कानाशी आली. "मला त्या खोलीत नका टाकू म्हटलं होतं मी ह्यांना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी."

"का गं?"

"सासूबाईंना खाली आणलं तेव्हा सगळे म्हणाले, पंधरा दिवसांची गोष्ट आहे. आक्कांनाही तेच म्हणाले. मीच केलं ना दोघींचं. दोघी रोज विचारायच्या, कलावती, मला वर कधी नेणार? मी म्हणायची, उद्या नेऊ हं. रोज म्हणायची. दोघींपैकी कुणी परत जिना चढलं का?" तिनं माझं मनगट पुन्हा धरलं. "मला माझ्या खोलीत जायचंय उज्जू. त्या खोलीत गेले की मला परत वर येता येणार नाही. मला माहीत आहे."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? शिरीषला सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग पुण्याला चल. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि डोळे पुसून परत खोली आवरायला गेली असतीस. डॉक्टर म्हणाले म्हणजे झालं तुझं."

अगदी तसंच केलं असतं मी.

"ह्यांना सांगताना मला भीती वाटत होती," आई म्हणाली. "म्हटलं, आता अंधश्रद्धेवर तासभर ऐकावं लागणार. पण एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, बरं, मी बघतो. मुलांना सांगू नका म्हटलं, तर म्हणाले, नाही सांगत."

मला दोघांचाही संताप आला. उपाशी पोटी मी गावभर नाचत होते, आणि ही दोघं नवराबायको माझ्या पाठीमागं कट करून बसली होती. मी अण्णांना काय काय बोलले होते ते आठवून कानशिलं तापली. "तिला सांग" असं ते का म्हणत होते तेही आता कळलं, शब्द मोडायचा नव्हता म्हणून त्यांना तिच्याच तोंडून वदवायचं होतं. आणि त्याच वेळी आई इतक्या दिवसांनी माझ्यासमोर खरं बोलली होती, त्यामुळे मला तिला घट्ट धरून ठेवावंसं वाटत होतं. मी उठले आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"डॉक्टर, तीन महिने जिना चढायचा नाही म्हणजे काय?"

"म्हणजे चालत चढायचा नाही," ते म्हणाले.

"आणि खुर्चीत बसवून उचलून वर नेलं तर?"

"न्या की. वर संडास-बाथरूम आहे ना?" मी हो म्हटलं. "मग उलट बरं. वर गेल्यावर मी सांगेपर्यंत खाली उतरवू नका, झालं."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्हीच म्हणालात, खाली खोली आहे, आमच्याकडं आजारी माणसाला तिथंच ठेवतात."

खरंच, मीच म्हणाले होते. मी डॉक्टरांना नमस्कार केला आणि खाली शिरीषला जाऊन धरलं. तो आधी ऐकेना. म्हणाला, जागा धरलीय, वर जेवण कोण नेणार, अण्णांचे गुडघे बघ. मी त्याला भिंतीशी उभं करून आईचं सगळं सांगितलं. आजी वर कधी नेणार विचारायची, ते त्यालाही आठवत होतं. आजीच्या शेजारी बसून तो गोट्या मोजायचा. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तू गाडी चालव," म्हणाला, "मी आईपाशी मागं बसतो."

घरी अण्णा फाटकात उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. अंगावर तेच धोतर, आता मळलेलं. गाडी थांबली, काचेतून आईचा चेहरा दिसला, आणि अण्णांनी फाटकाचा खांब धरला.

शेजारचे शेंडेकाका आणि त्यांचे दोन जावई आले. बैठकीतली हातांची खुर्ची आणली, आईला चादरीनं बांधून बसवलं. जिना मागच्या खोलीच्या बाजूनंच वर जातो. खुर्ची उचलून जिन्याशी आणली तेव्हा आई म्हणाली, "थांबा जरा."

अर्ध्या दारातून आतलं दिसत होतं. समई चालू होती. आईनं मान वाकवून एकेक ढीग बघितला. मग अण्णांकडं वळली.

"डिरेक्टरीलासुद्धा?"

"घाईत होतो," अण्णा म्हणाले.

"आणि हे काय काढलंय पाटाभोवती?"

"कृष्णा. उगमापासून."

आईनं दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. चौघांनी खुर्ची उचलली. अण्णा पुढं उलट्या पावलांनी जिना चढत होते आणि प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. शिरीष शेवटी ओरडला, "अण्णा, तुम्ही पडाल आणि मग तुमची खोली कुठली ते ठरवावं लागेल." वर पोचल्यावर आईला तिच्या पलंगावर टेकवलं. तिनं खिडकी उघडायला सांगितली, बाहेर बघितलं, आणि म्हणाली, "चहा टाका कुणीतरी. बरा टाका."

दसऱ्याला मी जाऊन विसर्जन केलं. बसवलेलं तसंच कसं ठेवणार. अण्णांनी तबक धरलं. अक्षता कधी टाकायच्या ते त्यांना माहीत नव्हतं, मी खूण केली की टाकत होते. लोखंडे दारात टेम्पो घेऊन उभे होतेच. अण्णा बाहेर जाऊन त्यांना म्हणाले, "आत्ता नाही. तिला चालायला लागू दे. तोपर्यंत ती खोली भरलेलीच राहील."

लोखंड्यांना काही कळलं नाही. मला कळलं, पण तरी वैताग आला. कारण त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. द्यायच्या ढिगातलं उरलेलं एक पुस्तक तेवढं लोखंड्यांना दिलं होतं, ती जागा मोकळी दिसते म्हणून रद्दीवाल्याकडून जुन्या गाइडांचा गठ्ठा आणून तिथं ठेवला. मी म्हटलं, आता कोण टाकतंय तिला तिथं? तर म्हणाले, "तुझा काही भरवसा नाही." आणि जेवणाचं ताट घेऊन जिना चढायला लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, स्वतःच. गुडघे कुरकुरत होते ते खालपर्यंत ऐकू यायचं. मला हात लावू द्यायचे नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास आई स्वतःच्या पायांनी खाली उतरली. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. खाली येऊन त्या खोलीशी थांबली, काठीनं दार ढकललं. "काय हा पसारा," म्हणाली. "द्या की आता कुणाला तरी."

त्याच दिवशी अण्णांनी स्वतः लोखंड्यांना फोन केला. हमाल पुस्तकं उचलून नेत होते आणि अण्णा वऱ्हांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी नववीचा भूगोल त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, "हा तरी ठेवायचा? सोव्हिएत रशिया?"

"ने," ते म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. रोज जिना चढली-उतरली. गेली ती झोपेत, वरच्या खोलीत, खिडकीशी. डॉक्टर म्हणाले, असं मरण नशिबात असावं लागतं.

तिचे दिवस झाल्यावर शिरीष पुण्याला गेला आणि मी थोडे दिवस अण्णांजवळ राहिले. ते जेवायचे, पेपर वाचायचे, कुणी आलं तर बोलायचे. मला वाटलं, सावरले. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "उज्जू, खालची खोली रिकामीच आहे ना?"

"हो. का?"

"माझी गादी तिथं टाक. मला आता खालीच बरं पडेल."

"तुम्हाला काय झालंय? दिवसातनं चार वेळा जिना चढता तुम्ही."

"टाक म्हटलं ना."

मला कळायला क्षण लागला, आणि मग असा राग आला की कप बशीवर आपटला गेला. "अण्णा, तुमचा त्यावर विश्वास तरी आहे का?"

"माझा नाही," ते म्हणाले. "तिचा होता. बघू, तिचं खरं होतंय का."

आणि शांतपणे बिस्किट चहात बुडवलं.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. उठले, बाहेर वऱ्हांड्यात आले आणि लोखंड्यांना फोन लावला. म्हटलं, "लोखंडे, टेम्पो आहे ना अजून? आजच्या आज आमची पुस्तकं परत पाहिजेत."

ते गोंधळले. "ताई, ती आता सगळी कपाटांत मिसळली. कोणती पाहिजेत?"

"कोणतीही," मी म्हटलं. "खोली भरेल एवढी आणा."